कंपाउंडातलं वावर

रेशनच्या दुकानात धान्य मिळतं, भाजी मिळत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो धान्य येतं. आमच्या चर्चमागच्या वस्तीत ते बहुतेक घरांना मिळतंही. पण भाकरीसोबत काय खायचं, हा प्रश्न तिथे रोज संध्याकाळी उभा असतो. मिरचीचा ठेचा, तेल-मीठ, फार तर पातळ वरण. भाजी आणायची ती बाजाराच्या दिवशी, आणि तीही दिवे लागल्यावर, भाव उतरले की. मी नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. खिचडीतले बटाट्याचे तुकडे आधी वेचून खाणारी पोरं पाहिली. त्यामुळे चर्चच्या पडीक जागेत शेजाऱ्यांसाठी भाजी लावायची, असा विषय निघाला तेव्हा मी लगेच हात वर केला.

आमचं गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं, बाजाराचं. चर्च मिशनच्या काळातलं, दगडी भिंतींचं. मागे अर्ध्या एकराचं कंपाउंड. त्यात 1972 च्या दुष्काळात खोल केलेली विहीर, कडुनिंबाची दोन जुनी झाडं, आणि बाकी सगळी वेडी बाभूळ. कंपाउंडाला लागून भिल्ल वस्ती आहे, तिच्यापुढे पिंजाऱ्यांची घरं. वस्तीतली निम्मीअधिक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास परत येतात. मधल्या काळात घरात राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर टाकलेली पोरं.

पंचांच्या बैठकीत एकमत नव्हतं. काहींचं म्हणणं होतं, रस्त्याच्या अंगाला गाळे काढावेत आणि भाड्यानं द्यावेत. ते मी हलकं मानत नाही. छप्पर पावसात गळतं, पाळकसाहेबांचा पगार वर्गणीतून निघतो, त्यालाही पैसा लागतोच. तरुण संघाला व्हॉलीबॉलचं मैदान हवं होतं. महिला मंडळानं भाजीचं मांडलं. तेव्हा मंडळीतले सगळ्यात वयस्कर आजोबा बोलले. बहात्तरच्या दुष्काळात ते तरणे होते, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि लहान पोरांसाठीची सुकडी त्यांनी घरी आणलेली. ते म्हणाले, "सुकडीनं जगलो, हे खरं. पण त्या रांगेत माझ्या आईनं तोंडावर पदर ओढून घेतला होता, ते अजून दिसतं. भाजी लावा. रांग लावू नका."

पिकवण्यापेक्षा वाटणं अवघड जाणार, हे मला त्या वाक्यानं आधीच सांगितलं होतं. पुढे ते खरं ठरलं.

जागा दोन वर्षांसाठी मिळाली. त्या रविवारी पाळकसाहेबांनी लेवीयचा 19 वा अध्याय घेतला: शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक सगळं कापून नेऊ नये, राहिलेलं वेचायला परत फिरू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी असू द्यावं. मग बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ सांगितली. आमच्या लोकांना हे वेगळं समजवावं लागत नाही. भुईमूग उपटून झाला की आजही बाया सरवा वेचायला वावरात शिरतात, आणि चांगला शेतकरी त्यांना हाकलत नाही. पण मला त्या गोष्टीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रूथला कोणी टोपली भरून आणून दिली नव्हती. ती स्वतः वाकली, स्वतः वेचलं आणि स्वतःच्या कष्टाचं म्हणून घरी नेलं.

बी आणण्याआधी आम्ही तिघीजणी वस्तीत फिरलो. विचारायचं एवढंच होतं की तुमच्याकडे काय शिजतं, पोरं काय खातात. हे विचारलं नसतं तर आम्ही फ्लॉवर, कोबी, पालक असलं काहीतरी लावून बसलो असतो, कारण मंडळातल्या बायकांच्या मनात तेच होतं. वस्तीतून उत्तरं वेगळीच आली. पोकळा, आंबाडी, चवळीच्या शेंगा, गिलकी, वांगी, मिरची, डांगर म्हणजे लाल भोपळा. एक म्हातारी म्हणाली, "पोकळा लाव ना, माय. पोरं पोकळाच खातस." दुसरीच्या तोंडात दात नव्हते. तिला हिरवं, मऊ, लवकर शिजणारं हवं होतं. आणखी एक कारण पुढे आलं, ते आमच्या डोक्यातच नव्हतं. सिलिंडर महाग, म्हणून चूल काड्यांवर चालते. जी भाजी शिजायला वेळ घेते ती नको. तेल कमी लागलं पाहिजे. फ्रीज कोणाकडेच नाही, म्हणून एकतर त्याच दिवशी संपणारं हवं किंवा डांगरासारखं कोपऱ्यात महिनोन्‌महिने टिकणारं. लागवडीची आमची यादी त्या ओट्यांवरच तयार झाली.

एक बाई मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "फुकट नको माले. काही काम सांग." तिचा नवरा वारलेला, मुलगा क्षयरोगानं घरी. ती पुढे आमच्या बागेची मुख्य माणूस झाली. तिला मी इथे ताई म्हणेन.

जमीन साफ करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, त्यावर फार लिहीत नाही. वेडी बाभूळ मुळासकट काढावी लागते, नाहीतर पहिल्या पावसात तितक्याच जोरानं फुटते. जेसीबी लावला. तिचं सरपण वस्तीतल्या घरांनी नेलं, म्हणजे भाजीच्या आधी बागेनं सरपण दिलं. मातीतून काच, विटा, पत्र्याचे तुकडे निघत राहिले, अजूनही निघतात. म्हणून आमच्याकडे पोरांनी चप्पल घातल्याशिवाय वाफ्यात उतरायचं नाही.

मातीचा नमुना मात्र नीट काढला. नागमोडी चालत जागोजागी इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे घ्यायचे, वीतभर खोलीपर्यंतची माती एका घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहायचं. मी ते संडे स्कूलच्या पोरांकडून करून घेतलं. त्यांना गणिताच्या तासापेक्षा बरं वाटलं असावं. नमुना धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दिला. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं. अहवाल आमच्या भागातल्या काळ्या मातीचा असतो तसाच आला: सामू (पीएच) आठच्या वर, चुनखडी जास्त, पालाश भरपूर, नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला लागत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पहिल्या पावसात भाजीच्या मागे लागू नका, ताग पेरा, फुलावर आला की गाडा.

हे सांगायला सोपं, पाळायला अवघड. वस्तीतल्या बाया रोज कुंपणापाशी येऊन बघायच्या, आत ताग डोलतोय, भाजीचं पान नाही. गावात बोललं जायला लागलं की चर्चवाले नुसतं गवत वाढवताहेत. सव्वा-दीड महिना आम्ही तो उभा ठेवला, मग नांगरून गाडला. तोवर कडेच्या पट्टीत पोकळा टाकला होता. तो महिन्याच्या आत कापणीला येतो आणि बुडखा ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. पहिल्या जुड्या त्याच्याच.

वाफे गादीचे केले, वीतभर उंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते, सपाट वाफ्यात मुळं सडतात. रुंदी इतकी ठेवली की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. दोन वाफे कमरेएवढ्या उंचीवर, जुन्या विटांचे कठडे बांधून केले, वाकता न येणाऱ्यांसाठी. ते आजोबा आता त्यातल्या एका वाफ्यावर कोथिंबीर लावतात.

खताला शेण वस्तीतूनच मिळालं. जीवामृत करायचं ठरलं. एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे त्याचं प्रमाण. आम्हाला निम्मं पुरलं. पहिल्या वेळी ड्रमात बेसन ओतताना ताईनं माझा हात धरला. "हाई पोरेस्ले पिठलं झालं असतं," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून गिरणीत सांडलेलं, किडकं डाळीचं पीठ गोळा करून ठेवतो आणि तेच वापरतो. गूळही काळा, खाण्यात न जाणारा.

पाण्याचा विषय मात्र मला सविस्तर सांगायचाय.

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत होती. काही शतकं जुनी. नदीवर छोटे दगडी बंधारे, तिथून निघालेले पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकाच वेळी एकाच बाजूला फिरतं आणि वाया जात नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि तंटा झाला तर पंच. कोणाचा हिस्सा किती हे जमिनीवर ठरायचं, पण पाणी तुटलं तर ती तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. नदीवर वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढल्या, तसे बरेच फड मोडले. पण ती रीत अजून माणसांच्या लक्षात आहे. आमच्या शेजारच्या एका जिभाऊंचे वडील पाटकरी होते. विहिरीवरून पहिली कुरबूर झाली, म्हणजे कोणी आपल्या वाफ्याला जास्त पाणी घेतलं आणि शेवटच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोचलंच नाही, तेव्हा मी त्यांना बोलावलं.

त्यांनी वाफे बघितले आणि सरळ सांगितलं, माणसाच्या नावानं वाफा देऊ नका. बागेचे चार भाग करा. एका भागात एका जातीचं पीक: पालेभाजी एकीकडे, फळभाजी एकीकडे, वेल एकीकडे, चौथा भाग मोकळा. पाणी भागाला जाईल, माणसाला नाही. आणि बारं देणारा, म्हणजे पाणी फिरवणारा, रोज बदलेल. मोटारीची किल्ली त्या दिवशी ज्याचं बारं त्याच्याकडे.

ही किल्ली फिरायला लागली आणि बाग बदलली. आधी शेजारी आमच्या बागेत कामाला येत होते. किल्ली हातात आल्यावर त्यांनी कुंपण दुरुस्त करायला आम्हाला विचारणं बंद केलं, ते करूनच टाकू लागले. रविवारी आमची मंडळी उपासनेला असते, म्हणून रविवारचं बारं पिंजारी घरांकडे आहे. शुक्रवारी दुपारी ते नमाजला जातात, तेव्हाचं आमच्याकडे. हे कोणी ठराव करून ठरवलं नाही, आठवड्याच्या गरजेतून बसत गेलं.

ठिबकच्या जुन्या नळ्या मंडळीतल्याच एका केळी बागायतदारानं दिल्या. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, छिद्रं बुजतात. उन्हाळ्याआधी नळ्यांची तोंडं उघडून त्या धुवून काढाव्या लागतात, तेवढं केलं की चालतात.

बाकी शेतीची संकटं सगळ्यांना माहीत आहेत तीच. भेंडीवर पांढरी माशी आली आणि केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, पसरला. रोगट झाडं उपटली, पिवळे चिकट सापळे टांगले, आपल्याच कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क फवारला: 5 किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाण्यात. पुढच्या हंगामाला त्या रोगाला दाद न देणारी परभणी क्रांती ही भेंडीची जात लावली. गावातली मोकाट डुकरं ही सगळ्यात मोठी पीडा. तारेच्या कुंपणाला पैसे नव्हते. महिला मंडळानं जुन्या साड्या दिल्या, बाभळीच्या काट्या लावून त्या दुहेरी बांधल्या. लांबून बाग लग्नाच्या मांडवासारखी दिसते, आणि डुकरं आत येत नाहीत.

आता वाटणीचं.

पहिला मोठा तोडा हिवाळ्यात निघाला. वांगी, मेथी, टोमॅटो, मिरची. आजोबांचं वाक्य सगळ्यांच्या मनात होतं, म्हणून रांग नाही लावली. फाटकापाशी टोपल्या ठेवल्या आणि लिहिलं की ज्याला हवं त्यानं न्यावं. तासाभरात टोपल्या रिकाम्या. नेणारे बहुतेक बाजाराला आलेले, येणारे-जाणारे. वस्तीतल्या बाया लांबून बघत राहिल्या, एकही पुढे आली नाही. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, रस्त्यावर ठेवलेलं उचलायला लाज वाटते, कोण बघेल, कोण काय म्हणेल.

मग पंचांपैकी एकानं यादी करायची सूचना केली. गरजू घरांची यादी, त्याप्रमाणे पिशव्या भरायच्या आणि घरोघर पोचवायच्या. हेतू चांगला होता. पण यादी म्हणजे गावात कोण उपाशी आहे याचा कागद. तो कागद कोणाच्या तरी हातात राहणार, आणि पुढच्या निवडणुकीत कोणीतरी मागणार. मी विरोध केला आणि ताई माझ्या बाजूनं बोलली. चर्चच्या बैठकीत वस्तीतली बाई बोलण्याची ती पहिली वेळ.

शेवटी जे बसलं ते असं. शनिवारी संध्याकाळी सगळा तोडा एकाच टेबलावर पडतो. त्या ढिगातून आम्हीही भाजी नेतो. पाळकसाहेबांच्या घरची भाजी तिथूनच, माझी तिथूनच, डॉक्टरीणबाईंचीही तिथूनच. टेबलाच्या टोकाला बंद पेटी आहे, वर चीर. ज्याला टाकायचे त्यानं टाकावे, किती टाकले, टाकले की नाही, कोणी बघत नाही. आम्हा मंडळीतल्या लोकांना मात्र आतून सांगितलेलं आहे की बाजारभावापेक्षा थोडं जास्तच टाका. बी, वीजबिल, नळ्यांची दुरुस्ती त्यातून चालते. एकाच ढिगातून सगळे नेतात तेव्हा गरजू कोण हे बघणाऱ्याला कळत नाही. ज्यानं आठवड्यात निंदणी केली, बारं दिलं, शेण टाकलं, तो तर आपला हिस्साच नेतो. पहिल्या शनिवारी वस्तीतून थोड्याच बाया आल्या. हिवाळा संपेपर्यंत टेबल कमी पडायला लागलं.

ज्यांना येताच येत नाही त्यांचं वेगळं करावं लागलं. अंगणवाडीसेविका आणि आशाताईंना घरं माहीत असतात. क्षयाच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, आधी 500 होते. त्यात डाळ, अंडी यांची सोय कशीबशी होते, भाजी राहून जाते. पण एकाच घरी पिशवी गेली की गल्लीला आजार कळतो. म्हणून पोरं त्या ओळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांच्या घरी जुडी देत जातात, मधल्या एका घरी शेवग्याचा पाला आणि शेंगा थोड्या जास्त असतात एवढंच. कंपाउंडाच्या कडेनं आम्ही शेवगा लावलाय. त्याला पाणी कमी लागतं, लवकर शेंगा धरतो, आणि पाल्याची भाजी इथे सगळ्यांना आवडते.

गावात दुसरी एक कुजबुज सुरू झाली होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चर्च भाजी देतं म्हणजे त्यामागे काहीतरी असणार. धर्म बदलायला लावतील. हे ऐकून मंडळीतल्या काहींना राग आला, काहींना वाईट वाटलं. मला वाटतं, शेजाऱ्याला शंका येणं हे त्याच्या बाजूनं स्वाभाविक आहे, आणि ती दूर करण्याचं काम आपलं आहे. आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. शनिवारी टेबलापाशी प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, पिशवीवर वचन छापायचं नाही. भाजीचा फोटो काढायचा तर भाजीचाच, घेणाऱ्याचा नाही. बागेच्या कमिटीत निम्मे लोक चर्चबाहेरचे. पहिल्या मुद्द्यावर आमच्यात बराच वाद झाला. एक बंधू म्हणाले, प्रभूच्या नावानं करायचं आणि प्रभूचं नाव घ्यायचं नाही, हे कसं? मी त्यांना जे सांगितलं ते आजही मनापासून मानते. माझी श्रद्धा मला त्या वाफ्यात घेऊन येते. शेजारणीला तिची गरज घेऊन येते. या दोन गोष्टींचा सौदा होता कामा नये. मला कोणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर मी सांगते, आणि आनंदानं सांगते. विचारलं नाही तर निंदत राहते.

श्रावणात वस्तीत कानबाई बसते. रोट होतात आणि त्यासोबत गंगाफळाची, म्हणजे डांगराचीच, भाजी लागते. उन्हाळ्यात धरलेली आमची गंगाफळं चर्चच्या कोठीत ओळीनं ठेवलेली होती. दोन बाया येऊन चाचरत म्हणाल्या, देवीच्या नैवेद्याला चालतील का, म्हणजे तुम्हाला चालेल का. मी पाळकसाहेबांकडे बघितलं. त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चांगली पिकलेली बघून द्या." त्यानंतर कुजबुज बरीच कमी झाली. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही.

डिसेंबरात भरिताचं जेवण होतं. त्यासाठी भरिताची मोठी, हिरवट पांढरी वांगी वेगळ्या ओळीत ठेवतो. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. आमची माती तिकडची नाही, पण बी तिकडचं आणतो. तुरीच्या आणि कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, ठेचायची, वर कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकर. पहिल्या वर्षी वांगी भाजायला वस्तीतले बाप्ये बसले आणि भाकरी सगळ्यांच्या चुलींवर वाटून दिल्या. मंडळीच्या सणाला जे जेवण होतं त्यात आम्ही वाढणारे आणि ते जेवणारे असतात. इथे तसं काही उरलं नाही, कारण वांगी कोणाची हे कोणालाच सांगता आलं नसतं.

ज्या कुटुंबांसाठी हे सुरू केलं त्यातली निम्मी ऐन हिवाळ्यात, बाग सगळ्यात भरलेली असताना, गावात नसतात, ही गोष्ट पहिल्या वर्षी फार टोचली. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं सगळं वर चढतं. तिकडे उसाच्या फडाशेजारी कोप्यांत राहायचं, पहाटेपासून तोडणी, आणि जेवायला पुन्हा भाकर आणि ठेचा. दुसऱ्या वर्षी आम्ही भाद्रपदापासून गवार, वांग्याच्या काचऱ्या, मेथी, आंबाडीची फुलं वाळवायला घेतली. चर्चची गच्ची वाळवणानं भरलेली असायची. खान्देशात वाळवण घरोघर होतं, पण ज्यांच्याकडे वाळवायला भाजीच नसते त्यांच्याकडे कुठून होणार? निघणाऱ्या प्रत्येक घराला सुक्या भाजीची पिशवी आणि एक डांगर बांधून दिलं.

त्यातल्या एका तरुण सुनेनं पिशवी घेतली आणि विचारलं, "पोकळानं बी शे का?" कोपीमागे सांडपाण्यावर चार हात जागा मिळते, तिथे टाकीन, असं ती म्हणाली. मी दिलं. महिन्याभरानं तिचा फोन आला की उगवलाय, पण टोळी आता दुसऱ्या गावाला हलणार, शेजारच्या कोपीतलीला सांगून जाते. त्यावरून आम्ही हिशेब बदलला. टोळीचा मुक्काम एका ठिकाणी फार काळ नसतो, म्हणून आता पिशवीत महिन्या-दीड महिन्यात हाती येणारंच बी घालतो: पोकळा, मेथी आणि कोथिंबिरीसाठी फोडलेले धने. वेगवेगळ्या पुड्या, पाणी लागू नये म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधलेल्या. यंदाचं बी धरायला पोकळ्याची एक पूर्ण ओळ न कापता सोडली आहे. ती ओळ ताईच्या मुलानं राखायला घेतलीय. त्याचं औषध पूर्ण झालंय, आता तो बारंही देतो.